बसाप्पाची मोरी

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात गडहिंग्लजच्या एसटीतून निंगूडवाडीच्या फाट्यावर एक तरुण उतरला. साल दोन हजार आठ असावं. ओढाळ बैलाच्या गळ्यात लोढणं अडकवतात, तसं त्याच्या गळ्यात एक काळं-पिवळं यंत्र लटकत होतं. आकारानं शाळेच्या पाटीएवढं, पण जाड. चारी कोपऱ्यांना रबर आणि कडेला दोऱ्यानं बांधलेली एक काडी. पारावर बसलेल्या कृष्णातनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“पावणं, कुणाकडं?”

“कुणाकडं नाही. पूल आणि मोऱ्या तपासायला आलोय. मी प्रसेनजीत, गारगोटीचा. पुण्याच्या कंपनीत आहे.”

“आन् गळ्यात काय ह्ये?”

प्रसेनजीतनं काडीनं काचेवर टकटक करून दाखवलं. पुलापाशी उभं राहायचं, फोटो काढायचा, काय सुटलंय, काय तुटलंय ते भरायचं. जागेवर उभं राहूनच भरावं लागतं. घरात बसून भरायला गेलं तर यंत्र ऐकत नाही.

“म्हंजे सरकारी माणसापरास इमानी हाय म्हणा की,” कृष्णात म्हणाला. पारावरची माणसं हसली.

त्यात बसाप्पाही होता, पण त्याला हसू आलं नाही. मोऱ्यांचं नाव निघताच त्याचं ध्यान उसाकडं गेलं होतं. त्याचा सव्वा वर्ष वाढवलेला दीड एकर आडसाली ऊस ओढ्यापलीकडं उभा होता, आणि तो बाहेर काढायला एकच वाट होती. ती ओढ्यावरच्या दगडी मोरीवरून येत होती. मोरी बसाप्पाच्या आज्ज्याच्या वेळची. ती नापास झाली तर दोन्ही अंगाला मोठे दगड टाकून वाट बंद करणार. मग ट्रॉली यायची नाही, आणि उसाला उभ्यानं तुरा येऊन आतून पोकळ व्हायचा. बसाप्पानं पुढं होऊन पाहुण्याची पिशवीच उचलली.

“पावणं, ऱ्हाणार कुठं? पंचायतीच्या खोलीत कबुतरं हाईत. आमच्या सोप्यात या. घर तुमचंच समजा.”

कृष्णात मागून म्हणाला, “बसाप्पा, तुझ्या मेव्हण्याला तरी कवा असं म्हणालास काय रं?”

घरी बसाप्पाची म्हातारी आई यल्लव्वा आणि बायको शांतादेवी अशा दोघीच होत्या. पाहुण्याला बसायला घोंगडं घातलं. बोलता बोलता प्रसेनजीत म्हणाला की दसऱ्यापर्यंत काम उरकायला पाहिजे, त्या दिवशी घरी दीक्षेचा कार्यक्रम असतो. यल्लव्वानं एकदा सुनेकडं पाहिलं. चहा आला तो कान तुटलेल्या कपातून. बाहेरच्यांसाठी म्हणून तो कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. प्रसेनजीतनं कपाकडं पाहिलं, कान तुटलेली बाजू पलीकडं फिरवली आणि चहा प्यायला. बसाप्पा कपाळाचा घाम पुसत राहिला.

एवढ्यात यंत्र बघायला माणसं अंगणात जमली. कृष्णात सगळ्यांच्या पुढं होता.

“हे पडलं तर?”

“पडलं तरी काही होत नाही,” प्रसेनजीत अभिमानानं म्हणाला. “मुद्दाम तसंच बनवलंय. पाणी, धूळ, ऊन, दणका, सगळं सोसतं.”

हे बोलायला नको होतं. आमच्या भागात कुणी अंगात ताकद आहे म्हणालं, की त्याला मातीत उतरवून बघितल्याशिवाय माणसांना झोप येत नाही. कृष्णातनं यंत्र मागून घेतलं, खांद्याच्या उंचीला नेलं आणि सोडलं. ते फरशीवर धप्पकन पडलं. काच उजळच होती. मग ते गोठ्याच्या भिंतीवरून टाकून झालं. मग जनावरांच्या हौदात बुडवून झालं. प्रत्येक वेळी प्रसेनजीत “बास, बास” म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी यंत्र शाबूत निघालं की स्वतःच सगळ्यांकडं बघून हसत होता. शेवटी बसाप्पाच्या म्हशीनं, तिला कुणी सांगितलं नसताना, त्यावर पाय दिला आणि तशीच उभी राहिली. शेपटी पिरगाळून तिला हलवावं लागलं. यंत्रावर शेणाचा ठसा उमटला. पुसल्यावर खाली काच जशीच्या तशी.

“त्यात काय?” कृष्णात म्हणाला. “आमचा मोबाईल बी तसलाच हाय. बायकोच्या भावानं कोल्हापुरातनं आणलाय.”

“मग टाक की,” चार-पाच जण एकदम म्हणाले.

आता माघार घेता येईना. कृष्णातनं मोबाईल सोडला. त्याचे तीन तुकडे झाले, आणि बॅटरी गव्हाणीखाली गेली ती संध्याकाळपर्यंत सापडली नाही.

सगळे हसत पांगले. बसाप्पा मात्र यंत्राकडं बघत बसला. जे म्हशीला दाद देत नाही, ते आपल्या चहापाण्याला काय दाद देणार?

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीतनं मोठ्या रस्त्यावरचा पूल तपासला. तो सिमेंटचा, फार जुना नव्हे. पण खालून सळया उघड्या पडलेल्या, आणि एका खांबाच्या बुडाची माती वाहून गेलेली. त्यानं फोटो काढले, काडीनं टकटक केलं आणि संध्याकाळी गडहिंग्लजला जाऊन सगळं वर पाठवून दिलं. तिसऱ्या दिवशी पुलाच्या दोन्ही तोंडांना पिपं उभी राहिली. त्यावर लाल अक्षरांत पाटी : जड वाहनांस बंदी.

कारखान्याची वाट त्याच पुलावरून होती. कृष्णातचा ऊस त्याच वाटेनं जायचा. तो तावातावानं बसाप्पाच्या दारात आला.

“माझा मोबाईल गेला, आता पूल बी गेला! बसाप्पा, तू ह्येला सोप्यात झोपवून दूध पाजतोयस. पर बघ हां, सिमेंटचा पूल गेला तितं तुझ्या आज्ज्याच्या दगडांचं काय घेऊन बसलास?”

त्या रात्री जेवताना बसाप्पानं पाहुण्याच्या ताटात तिसरी भाकरी बळंच वाढली.

“पावणं, मोरीत काय काय बघता म्हणं?”

“सगळंच. तडे बघतो, झाडं उगवलीत का, दगड सुटलेत का. आणि भिंतीत भोकं असतात ना, ती तर आधी बघतो.”

बसाप्पाचा घास हातातच राहिला. त्याच्या मोरीच्या बाजूच्या भिंतीत एका रांगेत भोकंच भोकं होती. लहानपणी त्यात हात घालून तो खेकडे धरत असे. एवढी भोकं बघून कुठलं यंत्र पास करणार होतं? भोकं कशाला बघतात हे त्यानं विचारायला हवं होतं. पण अशा वेळी माणूस विचारत नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं त्याला वाटतं.

सकाळी प्रसेनजीत पलीकडच्या गावच्या मोऱ्या बघायला गेला, आणि बसाप्पानं घमेलं काढलं. घरोघरी दसऱ्याची साफसफाई चालली होती. बायका ओढ्यावर गोधड्या, वाकळा धूत होत्या. त्यांच्या देखत बसाप्पा मोरीखाली मांडीएवढ्या पाण्यात उतरला आणि चिकणमातीचे गोळे करून एकेक भोक बुजवू लागला. एका भोकातल्या खेकड्यानं त्याचं बोट धरलं. तो ओरडला तेव्हा धुणारणींचे पिळे हातातच थांबले.

“आवो, काय चाललंय हे?” शांतादेवीनं काठावरून विचारलं.

“साफसफाई. दसरा न्हवं का?”

“मोरीची?”

“मोरी काय परकी हाय? तू वरनं चुना लाव.”

शांतादेवीनं पदर खोचला, चुन्याची बादली घेतली आणि कठड्यापासून सुरुवात केली. मोरीला पहिला हात बसला, दुसरा बसला. दुपारपर्यंत ती लग्नघरासारखी पांढरीफेक झाली.

“एवढी हौस घराच्या भिंतीला केली असती तर मी म्हायेरात सांगिटलं असतं,” ती म्हणाली.

यल्लव्वा काठी टेकत आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. लेकाला आज्ज्याची आठवण झाली एवढंच तिला समजलं. तिनं डोळे पुसले आणि कठड्याच्या दगडावर तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले. मोरी अगदी घरच्या माणसासारखी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. प्रसेनजीत आंघोळ करून सोप्यात आला तर यंत्र जागेवर नव्हतं. देवघरासमोर पाटावर नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कोयता, पहार आणि मोटारीचा पाना मांडला होता. त्या सगळ्यांच्या मधोमध त्याचं यंत्र. काचेवर हळदकुंकू, गळ्याच्या पट्ट्याला झेंडूची माळ आणि पुढं नारळ. शेजारीच चहाचा पितळी पेला वाफाळत होता. तो पेला बसाप्पाच्या वडिलांचा. यल्लव्वानं तो उचलून प्रसेनजीतच्या हातात दिला. 

“आज्जी, हे मला लागणार आहे. आज तुमची मोरी बघायची.”

“आज न्हाई. आज हत्याराला सुट्टी. उद्या सकाळी पूजा मोडली की न्या.”

प्रसेनजीतला हे पटलं नसावं, पण हातात पेला होता. तो चहा पिऊ लागला. चुळबूळ बसाप्पाची सुरू झाली. दक्षिणेकडून काळं आभाळ चढत होतं. परतीचा पाऊस एकदा कोसळला की चुना टिकणार नव्हता आणि मातीही. मोरी पास व्हायची ती आजच, या दोन-तीन तासांत.

“अव्वा, उचलू दे की ते.”

“तुझ्या बापानं आजच्या दिवशी कवा खुरपं उचललं न्हाई.”

“त्यो बाकीच्या दिवशी तरी कुठं उचलत हुता?”

आतून शांतादेवीचं हसू ऐकू आलं. यल्लव्वानं काठी आपटली. बसाप्पानं वेगळी वाट धरली.

“अव्वा, आगं हत्यार न्हवं ते. नुसतं बघायचं यंत्र हाय. इचार पावण्यास्नी.”

यल्लव्वा प्रसेनजीतकडं वळली. “तोडतंय का काय?”

“नाही, आज्जी.”

“कापतंय?”

“नाही.”

“उकरतंय तरी?”

“तेही नाही.”

म्हातारीचं तोंड उतरलं. “मग उगंच पुजलं व्हय मी? नारळ वाया गेला की माझा.” ती वाकली आणि माळ काढू लागली. बसाप्पाचा हात पट्ट्यापर्यंत पोचला होता.

पण यंत्राचा असा अपमान प्रसेनजीतला सोसवला नाही. “तसं कमी समजू नका, आज्जी. ह्यानं परवा अख्खा पूल बंद पाडलाय.”

यल्लव्वाचा हात थांबला.

“ह्येनं? एकट्यानं?”

“एकट्यानं.”

“बघ की मग!” तिनं माळ परत घातली, वर चिमूटभर हळद वाहिली आणि लेकाला म्हणाली, “सरक मागं. समद्यात मोठ्ठं हत्यार ह्येच हाय. हात लावशील तर बघ.”

बसाप्पानं पाहुण्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती पाहुणचाराची नव्हती.

दुपारी पाऊस आला. वळवासारखा गडगडला नाही, सरळ धारेनं पडतच राहिला. बसाप्पा दारात उकिडवा बसून होता. ओढ्याचं पाणी पांढरं झाल्याची बातमी आधी आली. मग गावच्या गायी ते पाणी पिईनात, अशी तक्रार आली. तक्रार घेऊन अर्थातच कृष्णात आला.

“चुन्याची निवळी प्याल्यावर हाडं बळकट हुत्यात म्हणं,” तो म्हणाला. “गावावर उपकार केलास.”

दसऱ्याच्या सकाळी उघडीप झाली. यल्लव्वानं पूजा मोडली, आणि काचेवरचं कुंकू स्वतःच्या पदरानं पुसून यंत्र पाहुण्याच्या गळ्यात घातलं. दोघं मोरीवर गेले. मागून शांतादेवी, तिच्या मागून कृष्णात आणि सुट्टीचं निम्मं गाव.

मोरीच्या अंगावरून चुन्याचे ओघळ उतरले होते. रडून रडून पावडर उतरलेल्या नवरीसारखी ती दिसत होती. प्रसेनजीतनं ओघळाला बोट लावून पाहिलं. वाकून कमानीखाली गेला, दगडावर हातोडी मारून आवाज ऐकला, फोटो काढले. मग बाजूच्या भिंतीपाशी थबकला.

“ही भोकं कुणी बुजवली?”

 कृष्णातला मोठी ढास लागली.

“मी,” बसाप्पा म्हणाला. “वाईट दिसत हुती.”

“अहो मामा, ती ठेवलेलीच असतात! मागच्या मातीतलं पाणी त्यातनं निघून जातं. ती बुजली की पाणी मागं तुंबतं आणि भिंत ढकलतं. ज्यानं बांधली त्याला कळत होतं. रात्रभर पाऊस झालाय. काढा आधी ती माती. आत्ता.”

बसाप्पानं पायजमा वर खोचला आणि गावासमोर पुन्हा पाण्यात उतरला. पहिल्या भोकातला गोळा बोटानं उकरला, तसा आत तुंबलेल्या पाण्याचा फवारा थेट त्याच्या तोंडावर आला. दुसऱ्या भोकाला तो बाजूला सरकला, तर पहिल्याचं पाणी कानात गेलं. प्रत्येक फवाऱ्याला काठावरून “हुर्रर्र” असा आवाज उठत होता, कुस्ती निकाली झाल्यासारखा. शेवटचं भोक मोकळं झालं तेव्हा मोरीच्या भिंतीतून रांगेनं पाणी पडत होतं, आणि बसाप्पा डोक्यापासून पायापर्यंत लाल मातीचा झाला होता.

“काय वो पावणं,” त्यानं खालूनच विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. “नापास न्हवं?”

प्रसेनजीत काडीनं टकटक करत होता. “कमान केसभरही हललेली नाही. दगड जिथल्या तिथं. तालुक्यातल्या मी बघितलेल्या मोऱ्यांत ही सगळ्यात चांगली. उत्तम लिहिलंय.”

बसाप्पा पाण्यातच मटकन बसला. शांतादेवीनं तोंडाला पदर लावला. त्या संध्याकाळी सोनं लुटताना बसाप्पानं कृष्णातला आपट्याची पानं जरा जास्तच दिली.

कार्यक्रमासाठी प्रसेनजीत सकाळच्याच गाडीनं गारगोटीला निघून गेला होता. जाताना यल्लव्वानं त्याच्या पिशवीत पूजेचा नारळ घातला. “माझा न्हवं,” ती म्हणाली. “त्येचा हाय, यंत्राचा.”

कारखाना सुरू झाला आणि एके सकाळी फाट्यावर नवी पाटी दिसली. मोठा पूल बंद, तेव्हा कारखान्याकडं जाणाऱ्या वाहनांसाठी पर्यायी मार्ग. खाली बाण. बाण बसाप्पाच्या वाटेकडं होता. आसपास जड वाहनांना चालेल अशी, उत्तम शेऱ्याची, एकच मोरी वरच्यांना यंत्रात सापडली होती.

पहिले काही दिवस बसाप्पा डोक्याला पटका बांधून मोरीच्या कठड्यावर बसत होता. चार गावांचा ऊस त्याच्या आज्ज्याच्या दगडांवरून चालला होता. ड्रायव्हर त्याला रामराम घालत होते. जोडट्रॉल्या धडधडत जात, मोरी हूं की चूं करत नसे, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे, “टकाटक हाय. यंत्रानं सांगिटलंय.”

मग त्याच्या उसाला तोड आली. टोळीनं सकाळी कोयता घातला, दुपारपर्यंत ट्रॉली भरून शेताच्या तोंडाशी उभी राहिली. तिथून मोरी वीस पावलांवर. पण वाट एका ट्रॉलीपुरती, आणि त्या वाटेवर ट्रॉलीला ट्रॉली लागलेली. एकाचं धुराडं दुसऱ्याच्या उसात. मध्ये घुसायला शेळीलाही जागा नव्हती. बसाप्पा हात जोडत होता, शिव्या देत होता. कोणी थांबेना. “आमी काय सकाळपासनं इथं लगीन लावाय उभं हाय?” असं एकानं वरून विचारलं. उन्हात तोडलेला ऊस तासातासाला वजन टाकत होता. भरलेल्या ट्रॉलीवर हात ठेवला तर मोळ्या बांधलेलं वाडं, उसाचा हिरवा शेंडा, करपल्यासारखं हाताला लागत होतं.

रांगेत कृष्णातचा ट्रॅक्टर आला. तो मडगार्डवर बसला होता.

“बसाप्पा, मोरी झकास हाय बरं का तुझी!” तो ओरडला. “आमच्या पुलापरास मऊ!”

बसाप्पाला ते सोसवलं नाही. तो उसाच्या बांधाआड गेला, रांगेकडं पाठ केली आणि खिशातला मोबाईल काढून प्रसेनजीतला फोन लावला.

“पावणं, मी निंगूडवाडीचा बसाप्पा. व्हय, व्हय, अव्वा बरी हाय. काम हाय एक. जरा येऊन आमची मोरी नापास करता काय?”

 पलीकडून प्रसेनजीतचा आवाज : “का? पडली का काय?”

“पडतीय कशाची! त्येच तर दुखणं हाय. समदा तालुका तिच्यावरनं चाललाय.”

“म्हणजे जोडट्रॉल्या जातात? आणि काही झालं नाही?” प्रसेनजीतच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. “मामा, मला अगदी खात्री नव्हती बघा.”

इकडं वाटेवर शांतादेवी किटली आणि बशा घेऊन आली होती. ती सरळ कृष्णातच्या ट्रॅक्टरपुढं उभी राहिली.

“कृष्णातभावजी, आमच्या दारावरनं जाता, आन् च्या न घेता? घरी आक्का इचारतील की, त्यास्नी काय सांगू?”

कृष्णातला उतरावंच लागलं. दारात आलेला चहा नाकारला असं एकदा गावात झालं, की ते माणसाच्या मर्तिकापर्यंत बोललं जातं. तिनं बशी काठोकाठ भरली. चहा उकळता होता. बशी सांडल्याशिवाय हलवता येत नव्हती आणि फुंकल्याशिवाय चहा पिता येत नव्हता. कृष्णात फुंकू लागला. त्याच्या ड्रायव्हरच्या हातातही बशी आली. पुढच्या ट्रॉल्या सरकत गेल्या, आणि मध्ये हळूहळू वाट मोकळी झाली. बसाप्पाच्या ट्रॉलीच्या ड्रायव्हरला शांतादेवीनं आधीच सांगून ठेवलं असावं. त्यानं गिअर टाकला.

“ए, ए! आरं ए!” कृष्णात बशी सावरत ओरडला.

“सांडंल, भावजी,” शांतादेवी म्हणाली. “आणि जरा घ्या.”

बांधाआड बसाप्पा फोनवर काकुळतीला आला होता. “तुमच्या यंत्राला काय तरी सांगा. एखादा तडा दाखवा. न्हाईतर मी पाडतो एखादा दगड, तुमी फकस्त फोटो...”

तेवढ्यात ओळखीचा धडधडाट झाला म्हणून त्यानं वळून पाहिलं. त्याचा ऊस, त्याच्या ट्रॉलीतून, मोरीच्या ऐन मध्यावर होता. दगड गच्च बसलेले. कमानीखालून पाणी संथ चाललं होतं. किटली हातात घेऊन शांतादेवी पलीकडं बघत उभी होती.

“हॅलो, मामा? नापास करायची का मग?”

बसाप्पानं मोबाईल कानाला घट्ट धरला.

“ऱ्हाऊ द्या, पावणं. एवढ्यात नगं. आमच्या अजून दोन खेपा हाईत.”